ठोंब

सुगंधा झोरे सड्यावरून उतरली
डोक्यावर ओलं पोतं घेऊन.
पोत्यात काय, विचारलं,
तर म्हणाली, गवात.

मी हसलो.
केळशीत गवत कुणी मागून आणतं का?
गवत आपण बेणतो,
पोफळीच्या आळ्यातून उपटून
गडग्यापलीकडे फेकतो.

ती काही बोलली नाही.
माडांच्या दोन ओळींमधली जागा,
जिथे सावलीशिवाय आणि नारळाशिवाय
काही पडत नाही,
ती तिनं पावलांनी मोजली
आणि कोयत्याच्या टोकानं भोकं पाडत गेली.
दोन-दोन फुटांवर एकेक ठोंब,
शेंडे छाटलेले, मुळांना लाल माती.
गिनी हाय, म्हणाली, दापोलीच्या फार्मावरचं.
पैसं नकोत.
निम्मा चारा माझ्या म्हशीला, निम्मा तुमच्या पोवळीला,
शेण दोघींचं तुमच्या माडांना.

पोस्टात तीस वर्षं काढली मी,
या व्यवहाराला रकाना सापडला नाही.

तोवर पोवळी पेंढ्यावर होती.
भाताचा कोरडा पेंढा, वर मूठभर पेंड,
आणि चेहरा असा
की कुणी तिला जुनंच वर्तमानपत्र
रोज वाचून दाखवतंय.
अडीच महिन्यांनी पहिला भारा पडला.
तिनं तोंड घातलं, कान मागे गेले,
आणि गडग्यावरून हसनमियां परकारांनी विचारलं,
भाऊ, गाय खातेय
की कुणी ताडपत्री फाडतंय?

सुगंधाचा कायदा: तुरा धरायच्या आत कापायचं.
तुरा आला की गवत आपल्याच संसाराला लागतं,
गाईला काय देणार?
आणि खाली वीतभर ठेवायचं.
त्याखाली गेला तो विळा नव्हं,
दरोडा.

मग जूनमधलं ते वादळ.
चौदा माड आडवे. पोफळींचं विचारू नका.
गोठ्याचे पत्रे परकारांच्या विहिरीत,
आणि डोक्यावर आभाळ इतकं उघडं
की खाली बघत चालावं.
डोंगराचं पाणी वाडीतून खाडीकडे गेलं.
जाताना कुंपण नेलं, गडग्याचे चिरे नेले,
माझ्या बापाचा पाटा नेला.
माती मात्र आली नाही त्याच्याबरोबर.
ठोंबांच्या ओळीओळीला गाळ अडून
पायऱ्या झाल्या होत्या,
आणि शेवटच्या पायरीवर, उताणा, पाटा.

अठरा दिवस वीज नाही,
पेंडीचा टेम्पो नाही.
पोवळी दोन्ही वेळा दूध देत राहिली.

माड गेले तिथून ऊन आत आलं
आणि गवत माजलं.
कापून कापून सुगंधाचा खांदा धरला,
तेवढ्यात पुरुषभर उंच तुरे.
मुनिया आल्या थव्यानं.
सुपारीएवढं पाखरू बसलं तरी तुरा जमिनीला टेके.
मी खुर्ची टाकून बघत बसायचो.

तिला ते आवडलं नाही.
पुढल्या पावसात गिनी पाखाडीच्या चिऱ्यांत उगवलं,
त्याच्या पुढल्या पावसात
सड्याच्या चढणीला.
खादाड हाय ह्ये, म्हणाली.
वर आमची बारकी गवतं हायत, गणपतीत फुलतात,
त्यांच्या उरावर बसंल.
तेव्हापासून घरी जाताना
ती वाटेवरचे ठोंब खणत खणत चढते,
आणि खणलेले तिथेच टाकत नाही.
पदरात बांधून म्हशीला नेते.

काल एकादशी. तिनं पडवीत
शेरभर वरी ठेवली, वरकसाची,
हातानं सडलेली, थोडं तूस राहिलेली.
एक दाणा तिनं माझ्या तळव्यावर ठेवला,
शेजारी गिनीच्या तुऱ्यातलं बी.
ह्ये बघा. भाऊबंदच.
एक गाईनं खायचा, एक तुम्ही.

रात्री वरीचा भात आणि दाण्याची आमटी घेऊन
मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो.
पोवळी रवंथ करत होती.
मीही चावत होतो,
अधूनमधून तूस दाताखाली येत होतं.
ती माझ्यापेक्षा सावकाश.
मग मीही घाई केली नाही.